न बघण्याची कला: रे ट्रेसिंग वेगवान कसं झालं

गेमच्या सेटिंग्जमध्ये 'रे ट्रेसिंग' नावाचं एक बटण असतं. तुम्ही ते कधीतरी चालू करून पाहिलं असेलच. पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर निऑनची पाटी उमटते, दुकानाच्या काचेत मागून येणारी गाडी दिसते, सावल्यांच्या कडा मऊ होतात. आणि लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा घुरघुरायला लागतो.

मोठ्या गेम्समध्ये हे बटण दिसायला लागलं ते २०१८ च्या शेवटी. तेव्हा सगळीकडे सांगितली गेलेली गोष्ट साधारण अशी होती: पद्धत जुनीच आहे, पण चिप आता कुठे पुरेशी वेगवान झाली. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. नुसत्या वेगवान चिपने हे काम आजही होत नाही. त्याचा हिशोब पुढे मांडलाय. उरलेलं श्रेय एका प्रश्नाला जातं, आणि तो प्रश्न संशोधक गेली ४५ वर्षं पुन्हा पुन्हा विचारतायत: यातलं कुठलं काम न करता चालेल?

या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरं मिळाली. दोन्ही तुमच्या पडद्यावर एकाच वेळी काम करत असतात, पण दोन्हींची जात वेगळी आहे. तो फरक तुम्हाला ओळखता यावा, यासाठी हा लेख. शिवाय पॉडकास्ट ऐकताना आकडे कानावरून निघून जातात. इथे थांबून ते नीट बघता येतील.

उलटा प्रवास

खऱ्या जगात प्रकाश दिव्यापासून निघतो, वस्तूंवर आपटतो आणि त्यातला अगदी थोडा आपल्या डोळ्यात येतो. कॉम्प्युटरवर हे जसंच्या तसं करायला गेलं तर जवळजवळ सगळी मेहनत वाया जाते, कारण बहुतेक किरण डोळ्याकडे येतच नाहीत. म्हणून रे ट्रेसिंग उलटं चालतं. डोळ्यापासून निघायचं, पडद्यावरच्या एकेका पिक्सेलमधून एक किरण सोडायचा आणि तो दृश्यात सगळ्यात आधी कशावर आदळतो ते शोधायचं.

आपल्याकडे न्यायदर्शनात असंच मानलं होतं, की डोळ्यातून तेजाचे किरण निघून वस्तूपर्यंत पोचतात. भौतिकशास्त्र म्हणून ते टिकलं नाही. हिशोबाची युक्ती म्हणून मात्र झकास आहे. काम टाळण्याची सुरुवात इथूनच होते: जो प्रकाश डोळ्यात येणारच नाही, त्याच्यामागे धावायचं नाही.

१९६८ मध्ये आयबीएमच्या आर्थर अपेल यांनी या पद्धतीने चित्रं काढून दाखवली. पडदा नव्हताच, प्लॉटर कागदावर अधिकची छोटी चिन्हं काढायचा आणि ती दाट-विरळ करून छटा आणायचा. किरण जिथे आदळला त्या बिंदूपासून दिव्याकडे आणखी एक किरण सोडायचा आणि मध्ये काही आडवं आलं तर तिथे सावली, ही कल्पना त्यांचीच. नुसत्या रेषांच्या चित्रापेक्षा याला हजारो पट जास्त वेळ लागतो, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवलं.

त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या एल्म्सफर्ड गावात मॅगी नावाची एक कंपनी होती (नूडल्सशी संबंध नाही). अणुकिरणोत्सर्ग एखाद्या वस्तूतून कसकसा पसरेल, याचा हिशोब करणं हे तिचं मूळ काम. त्यासाठी लिहिलेला प्रोग्राम किरणांचा माग काढायचाच. त्यांनी तो प्रकाशाला लावला. १९८२ च्या 'ट्रॉन' चित्रपटातल्या त्या चमकणाऱ्या मोटरसायकली याच कंपनीने केल्या.

७४ मिनिटं

न्यू जर्सीत राहणाऱ्यांना होल्मडेल माहीत असेल. एडिसनपासून फार लांब नाही. तिथली बेल लॅब्सची प्रचंड काचेची इमारत आता 'बेल वर्क्स' म्हणून सगळ्यांना खुली आहे, आणि 'सेव्हरन्स' मालिकेचं चित्रीकरणही तिथे झालंय. टर्नर व्हिटेड बेल लॅब्समध्ये इथेच होते. १९७९ मध्ये त्यांनी सिग्राफ परिषदेत एक निबंध मांडला आणि पुढच्या वर्षी तो छापून आला.

व्हिटेड यांनी अपेलचा किरण पहिल्या धडकेला थांबवला नाही. तो आरशावर आदळला तर परावर्तित होऊन पुढे जाईल, काचेवर आदळला तर एक किरण परतेल आणि एक आत शिरेल. त्या नव्या किरणांनाही तोच नियम. प्रोग्राम छोटासाच, पण एका किरणातून अनेक किरण फुटत जातात. त्यांचं सगळ्यात गाजलेलं चित्र म्हणजे चौकड्यांच्या फरशीवर तरंगणारे दोन गोळे, एक काचेसारखा आणि एक चकचकीत. संगणकाने काढलेल्या चित्रात इतकी खरी वाटणारी काच लोकांनी याआधी पाहिली नव्हती.

आता आकडे. चित्र ६४० बाय ४८० चं, म्हणजे ३,०७,२०० पिक्सेल. व्हॅक्स ११/७८० या मशीनला त्यासाठी ७४ मिनिटं लागली. म्हणजे सेकंदाला साधारण ६९ पिक्सेल. तुमचा गेम १९२० बाय १०८० वर सेकंदाला ६० फ्रेम्स दाखवतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख पिक्सेल. दोन्हींत १८ लाख पटींचा फरक.

व्हिटेड यांनी आणखी एक गोष्ट मोजली, आणि पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. वेळ नेमका जातो कुठे? साध्या दृश्यात ७५ टक्के वेळ, आणि गुंतागुंतीच्या दृश्यात ९५ टक्क्यांपर्यंत, एकाच कामात जात होता: हा किरण या वस्तूला लागतो का? नाही. या? नाही. या? नाही. म्हणजे बहुतेक सगळा वेळ 'नाही' हे उत्तर ऐकण्यात जात होता.

पिनकोड

पुण्यातल्या आजीला तुम्ही पार्सल पाठवलंत तर भारतात उतरल्यावर टपालखातं काय करतं? कोट्यवधी दारं वाजवत 'आजी इथेच राहतात का?' असं नक्कीच विचारत नाही. पत्त्यावर ४११०३० लिहिलेलं असतं. पहिला ४ बघितला की पार्सल महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगढ या भागाकडे जाणार हे ठरतं आणि बाकीचा सगळा देश एका झटक्यात बाद होतो. पहिले तीन आकडे, ४११, म्हणजे पुणे. शेवटच्या तिनांवरून सदाशिव पेठ. ही योजना १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. तिची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपालखात्यातले अधिकारी होते आणि संस्कृत कवीही.

१९८० मध्ये स्टीव्हन रुबिन आणि व्हिटेड यांनी किरणांसाठी नेमकं असंच काहीतरी केलं. जवळजवळच्या वस्तूंभोवती एक अदृश्य डबा कल्पायचा. अशा काही डब्यांभोवती मोठा डबा, त्यांच्याभोवती आणखी मोठा, असं करत सगळं दृश्य एका डब्यात. किरण आधी मोठ्या डब्याला विचारतो. डब्याला लागलाच नाही, तर आतल्या एकाही वस्तूला विचारायची गरज नाही. या रचनेला आज बाउंडिंग व्हॉल्यूम हायरार्की म्हणतात. आपण 'डब्यांचं झाड' म्हणू.

याने किती फरक पडतो ते बघा. दृश्यात १० लाख त्रिकोण आहेत असं धरा. आजच्या गेमसाठी हा आकडा फार मोठा नाही. प्रत्येक पिक्सेलचा एकच किरण प्रत्येक त्रिकोणाला विचारायला लागला, तर एका फ्रेमसाठी २ लाख कोटी चाचण्या होतात. आणि एका फ्रेमला वेळ असतो १७ मिलिसेकंदांहूनही कमी. आजच्या महागातल्या महाग चिपनेही हे होणार नाही. आता झाड वापरा. १० लाखांचे निम्मे, त्याचे निम्मे, असं २० वेळा केलं की एक त्रिकोण उरतो. थोडं इकडेतिकडे भटकणं धरून एका किरणामागे ५० चाचण्या म्हणू. मग एका फ्रेमसाठी होतात साधारण १० कोटी, म्हणजे २०,००० पट कमी. दृश्य दुप्पट मोठं झालं तर पहिल्या पद्धतीत काम दुप्पट होतं. झाडाला साधारण एक पायरी वाढते.

पिनकोडशी तुलना एका जागी मोडते. पिनकोडचे भाग एकमेकांवर चढत नाहीत, डबे मात्र एकमेकांत घुसू शकतात, आणि मग किरणाला दोन्ही उघडावे लागतात. १९८४ मध्ये अँड्र्यू ग्लासनर यांनी दुसरी वाट सुचवली: वस्तूंचे गट करूच नका, जागेचेच आठ-आठ तुकडे पाडत जा. तिथे तुकडे एकमेकांत घुसत नाहीत, पण एकच वस्तू अनेक तुकड्यांत येते. कुठली रचना बरी, यावर पुढे कित्येक वर्षं शोधनिबंध येत राहिले.

डबे करायचे तरी कसे? कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकच्या जेफ्री गोल्डस्मिथ आणि जॉन सालमन यांनी १९८७ मध्ये याचं फार सुंदर उत्तर दिलं. मोठ्या छत्रीवर जास्त थेंब पडतात, छोट्या छत्रीवर कमी. तसंच ज्या डब्याचं पृष्ठफळ मोठं, त्याला भटके किरण जास्त वेळा लागणार. म्हणून भरपूर वस्तू असलेला डबा शक्य तितका आटोपशीर ठेवायचा. हा नियम थोड्या सुधारणांसह आजही वापरात आहे.

या सगळ्यातली महत्त्वाची गोष्ट ही, की झाडामुळे चित्रातला एक पिक्सेलही बदलत नाही. टाळलेलं प्रत्येक काम असं असतं की त्याचं उत्तर 'नाही' येणार, हे आधीच सिद्ध झालेलं असतं. इथे वेग वाढला, पण अचूकपणात काहीच गेलं नाही.

दुसरा रस्ता

डब्यात डबे ठेवण्याची ही कल्पना जेम्स क्लार्क यांनी १९७६ मध्येच एका निबंधात मांडली होती, रे ट्रेसिंगसाठी नाही तरी दृश्यातला दिसणारा भाग झटपट शोधण्यासाठी. गंमत अशी की पुढे याच क्लार्कनी स्टॅनफर्डमध्ये ग्राफिक्सची चिप बनवली, सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी काढली, आणि त्या कंपनीच्या मशीन्समुळे सगळं जग दुसऱ्याच रस्त्याला लागलं. त्या रस्त्याचं नाव रास्टरायझेशन.

त्यात प्रश्नच उलटा असतो. 'या पिक्सेलला काय दिसतं?' असं नाही, तर 'हा त्रिकोण कुठल्या पिक्सेल्सवर पडतो?' त्रिकोण एकामागून एक येतात, पिक्सेल रंगवतात आणि जातात. जवळचा ठेवायचा, लांबचा पुसायचा. हे फार झपाट्याने होतं. पण समोरचा त्रिकोण रंगवताना मागच्या दिव्याची किंवा शेजारच्या आरशाची काही खबर नसते. म्हणून सावल्या आणि प्रतिबिंबं वेगवेगळ्या क्लृप्त्या करून घुसवावी लागायची. तुमच्या लहानपणीच्या गेम्समधला आरसा बहुधा फुटलेला किंवा धुरकट का असायचा, त्याचं कारण हे.

झाडाचा खरा जोर दिसला यूटा विद्यापीठात. १९९८ मध्ये स्टीव्हन पार्कर, पीटर शर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेम नाही, तर माणसाचं शरीर समोर घेतलं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या 'व्हिजिबल ह्युमन' प्रकल्पातलं एका स्त्रीच्या देहाचं सीटी स्कॅन, सुमारे १ गिगाबाइटचं. त्यातून हाडं किंवा त्वचा त्रिकोणांत बदलून रंगवायची म्हटलं तर त्रिकोणांचा ढीग होतो. त्यांनी त्रिकोण केलेच नाहीत. माहितीचेच लहान-मोठे गट करून किरण थेट त्यात सोडले, आणि जिथे काही सापडणं शक्यच नाही ते गट ओलांडून पुढे गेले. चित्र हलवता येईल, फिरवता येईल इतक्या वेगाने तयार होऊ लागलं. मशीन मात्र खोलीभर, शंभरावर प्रोसेसरचं. आणि ते होतं सिलिकॉन ग्राफिक्सचंच.

त्या प्रयोगाने एक समज मोडला. रे ट्रेसिंग म्हणजे नेहमीच हळू, असं नाही. माहिती जितकी अवाढव्य, तितका न बघण्याचा फायदा जास्त.

झाड चिपमध्ये शिरतं

२००२ मध्ये स्टॅनफर्डच्या टिमोथी पर्सेल, इयन बक, विल्यम मार्क आणि पॅट हॅनरहन यांनी दाखवलं की रास्टरायझेशनसाठी बनवलेली ग्राफिक्स चिप थोडी वळवून घेतली तर तिच्यावर रे ट्रेसिंग बसवता येतं. बक पुढे एनव्हिडियात गेले आणि ग्राफिक्स चिपवर कुठलाही हिशोब करू देणाऱ्या कूडाचं काम त्यांनी पुढे नेलं. यूटाचे पार्करही तिथे गेले. २०१० मध्ये त्यांच्या गटाने ऑप्टिक्स हे रे ट्रेसिंगचं सॉफ्टवेअर मांडलं.

मग आलं २०१८. एनव्हिडियाच्या ट्युरिंग चिपमध्ये 'आरटी कोअर' नावाचा वेगळा भाग होता. तो करतो काय? मुख्यतः दोन कामं: किरण डब्याला लागतो का ते बघत झाडावरून खाली उतरायचं, आणि शेवटी किरण त्रिकोणाला लागतो का ते बघायचं. म्हणजे होल्मडेलमधली १९८० ची कल्पना आता सिलिकॉनमध्ये कोरली गेली. ती कुणा एका कंपनीची नाही. ती सगळ्यांना वाचता येईल अशी छापली गेली आणि पुढे यूटा, स्टॅनफर्ड, कॅलटेक, जर्मनीतलं सारलँड, फिनलंडमधलं हेलसिंकी, अशा कितीतरी ठिकाणच्या लोकांनी तिला घासून-पुसून घेतली.

पण एवढं होऊनही काम भागलं नाही. सिनेमात एका पिक्सेलला शेकडो किरण सोडता येतात, कारण एका फ्रेमला तासन् तास दिले तरी चालतात. गेममध्ये बहुतेक वेळा एका पिक्सेलला एक-दोनच किरण परवडतात. मऊ सावल्या, भिंतीवरून उसळून आलेला प्रकाश, हे इतक्या थोड्या किरणांत काढलं तर चित्र सिग्नल गेलेल्या टीव्हीसारखं मुंग्यामुंग्यांचं दिसतं. इथे दुसऱ्या जातीचं 'न करणं' सुरू होतं: उत्तर काढायचं नाही, अंदाज करायचा.

अंदाजाची हमी

अंदाजही दोन तऱ्हांचे असतात. कविता बाला मुंबईच्या आयआयटीत शिकल्या, तिथून एमआयटीत गेल्या. १९९९ मध्ये पूर्ण झालेलं त्यांचं पीएचडीचं काम याच विषयावर होतं. कॅमेरा जरासा हलला तर बहुतेक किरण जवळजवळ तोच प्रश्न पुन्हा विचारतात. मग जुन्या उत्तरांवरून नवं उत्तर काढायला काय हरकत आहे? पण त्यांनी एक अट घातली. चूक किती होऊ शकते याची मर्यादा आधी ठरवायची, आणि ती ओलांडली जाईल असं दिसलं तर आळस न करता नवा किरण सोडायचा.

पुढे कॉर्नेल विद्यापीठात ब्रूस वॉल्टर, बाला आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'लाइटकट्स' ही पद्धत आणली. यात झाड वस्तूंचं नाही, दिव्यांचं. हजारो दिवे असतील तर लांबच्या शंभर दिव्यांचा एकच दिवा मानायचा, जवळचे मात्र वेगवेगळे मोजायचे. किती लांबचे एकत्र करायचे? त्यामुळे होणारी चूक २ टक्क्यांच्या आत राहील इतकेच, कारण तेवढा फरक माणसाच्या डोळ्याला सहसा कळत नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे आजच्या गेममधलं डीनॉइझिंग. २०१७ मध्ये एका पिक्सेलला एकच नमुना घेऊन मुंग्या पुसणाऱ्या दोन पद्धती आल्या. एक आकडेवारीच्या आधारे शेजारच्या पिक्सेल्सची सरासरी घेणारी, दुसरी न्यूरल नेटवर्कची. मागच्या फ्रेम्सही उसन्या घेतल्या जातात. चित्र थक्क करण्याइतकं स्वच्छ होतं. पण पुढच्या दृश्यात नेमकी किती चूक होईल, याची हमी इथे कुणी देत नाही. झपकन जाणाऱ्या गाडीमागे कधीकधी भुतासारखी पुसट शेपटी दिसते ना? तो चुकलेला अंदाज.

सगळेच अंदाज असे बेभरवशाचे असतात असं मात्र नाही. २०२० मध्ये डार्टमथ कॉलेज आणि एनव्हिडियाच्या संशोधकांनी रेस्टिर नावाची पद्धत मांडली: प्रत्येक पिक्सेलने कुठला दिवा महत्त्वाचा आहे ते शेजाऱ्यांना आणि पुढच्या फ्रेमला सांगायचं. त्यांच्या एका दृश्यात प्रकाश देणारे ३४ लाख त्रिकोण होते आणि पिक्सेलमागे जास्तीत जास्त ८ किरण, तरी फ्रेम ५० मिलिसेकंदांच्या आत तयार झाली. त्याहून महत्त्वाचं, त्यांनी दोन आवृत्त्या दिल्या. एक सरासरीने बरोबर उत्तर देणारी. दुसरी आणखी वेगवान, पण थोडा प्रकाश गमावणारी. आणि हे त्यांनी निबंधाच्या सारांशातच सांगून टाकलं.

मग तुम्हाला याचं काय?

गेममध्ये अंदाज चुकला तर डबक्यातली पाटी जरा फरकटेल, बस्स. पण हीच तंत्रं आता गेमपुरती राहिलेली नाहीत. स्कॅनमधून बनवलेलं शरीराचं चित्र असो, न बांधलेल्या इमारतीत दुपारी ऊन कुठे येईल हे बघणं असो, तिथे चित्र पाहून कुणीतरी निर्णय घेणार असतं. तिथे 'दिसायला खरं' आणि 'खरं' यांतला फरक महागात पडू शकतो. तुमच्यातले काही जण अशी सॉफ्टवेअर्स लिहिणार आहेत, काही जण ती वापरणार आहेत. कुणी 'आमचं आता दहा पट वेगवान झालं' असं सांगितलं, तर कौतुक जरूर करा आणि एक प्रश्न विचारा: जे काम तुम्ही टाळलंत, त्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत होतं, की तुम्ही अंदाज केलात? अंदाज असेल, तर किती चुकू शकतो?

हे हाताने करून बघायचं असेल तर यूटाच्या त्याच पीटर शर्ली यांचं 'रे ट्रेसिंग इन वन वीकेंड' हे पुस्तक इंटरनेटवर मोफत आहे. त्यातला प्रोग्राम आधी झाडाशिवाय चालवा. मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकात डब्यांचं झाड येतं; ते लावा आणि पुन्हा चालवा. घड्याळ लावून दोन्ही वेळा लिहून ठेवा. मग दोन्ही चित्रं शेजारी ठेवून फरक शोधत बसा. झाडाने केलेला फरक तुम्हाला घड्याळात दिसेल, चित्रात नाही.